आधी मतदारयादी दाखवा

आमच्या सोसायटीतली एक मुलगी विधी शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला कॉलेजच्या वादविवादासाठी विषय मिळाला: लोकांनी न निवडलेलं वरिष्ठ सभागृह सुधारावं, निवडणुकीवर न्यावं की मोडीत काढावं? उदाहरण दिलं होतं ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचं. जिन्यात गाठून तिने विचारलं, "काका, तुम्ही एवढ्या निवडणुका केल्यात, तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्या विधान परिषदेलाही हाच न्याय लावायचा का?" हातात दुधाची पिशवी होती, तेव्हा उत्तर अर्धवटच दिलं. म्हणून आता नीट लिहून देतोय.

मी महसूल खात्यात नायब तहसीलदार म्हणून लागलो आणि उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो. विधान परिषदेच्या पुणे विभागातल्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या चार निवडणुकांत मी काम केलं: 2002, 2008, 2014 आणि 2020. घटनातज्ज्ञ मी नाही. पण घटनातज्ज्ञ सहसा जिथे फिरकत नाहीत ती जागा मी जवळून पाहिली आहे, ती म्हणजे मतदार नोंदणीची खिडकी. अशा सभागृहाचा मतदार कसा तयार होतो, हे तिथे बसल्यावर कळतं. त्यामुळे "निवडलेलं की न निवडलेलं" हा प्रश्न कोणी विचारला की माझ्या तोंडून आधी उलटा प्रश्न निघतो: यादी कोणाच्या हातात आहे?

लॉर्ड्सपासून सुरुवात करू. 1909 साली तिथले अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी श्रीमंतांच्या उत्पन्नावर आणि जमिनीवर जादा कर बसवणारा अर्थसंकल्प आणला आणि लॉर्ड्सनी तो फेटाळला. त्या भांडणातून 1911 चा पार्लमेंट कायदा आला. पैशाचं विधेयक फक्त महिनाभर अडवता येईल आणि बाकीची दोन वर्षं, असं ठरलं. 1949 मध्ये त्या दोन वर्षांचं एक वर्ष झालं. पण 1911 च्या कायद्याच्या उद्देशिकेतलं एक वाक्य मला फार आवडतं. वंशपरंपरेच्या जागी लोकांच्या पायावर उभं राहिलेलं सभागृह आणायचा इरादा आहे, मात्र ते लगेच करता येण्यासारखं नाही, असा त्याचा मतलब. त्या "लगेच"ला शंभराहून जास्त वर्षं झाली. "यथावकाश कार्यवाही" असा शेरा मारलेल्या फायली मी आयुष्यभर पाहिल्या, पण इतकी जुनी फाइल नाही पाहिली.

मधल्या काळात डागडुजी झाली. 1958 पासून तहहयात सदस्य नेमता येऊ लागले. 1999 मध्ये वंशपरंपरेने बसणाऱ्या बहुतेकांना बाहेर काढलं, पण तडजोड म्हणून 92 जण ठेवले. त्यातली जागा रिकामी झाली की ती भरायला पोटनिवडणूक घ्यायची! 2016 मध्ये लिबरल डेमोक्रॅट गटाची अशी एक जागा रिकामी झाली. मतदार होते तीन आणि उमेदवार सात. तिन्ही मतं व्हायकाउंट थर्सो यांना पडली. नियमाच्या भाषेत तीसुद्धा निवडणूकच, आणि मतदान शंभर टक्के. नुसतं "निवडून आलेला" म्हटल्याने काय सिद्ध होतं, असं कोणी वादविवादात विचारलं तर हे उदाहरण पुढे कर. उरलेल्यांनाही काढायचं विधेयक 2024 मध्ये आणलं गेलं.

त्याच लॉर्ड्सची दुसरी बाजूही सांग, नाहीतर परीक्षक तुला पकडतील. 2008 मध्ये तिथल्या सरकारला दहशतवादाच्या संशयितांना आरोपपत्राशिवाय 42 दिवस कोठडीत ठेवायची मुभा हवी होती. निवडून आलेल्या कॉमन्सने, म्हणजे तिथल्या कनिष्ठ सभागृहाने, ती काठावर का होईना, दिली. न निवडलेल्या लॉर्ड्सनी 309 विरुद्ध 118 मतांनी ती फेटाळली आणि सरकारने ती तरतूद सोडून दिली. हे त्यांना जमलं कारण त्यांच्यातल्या कोणालाही पुढच्या वेळी तिकीट मागायचं नव्हतं. आपल्याकडे तिकिटाची भीती किती खोल असते हे मी सांगायला नको.

मग निवडणूक का नाही झाली तिथे? 2012 मध्ये तेव्हाचे उपपंतप्रधान निक क्लेग यांचं विधेयक आलं होतं. 80 टक्के सदस्य निवडून यायचे, प्रत्येकाला 15 वर्षांची एकच मुदत. दुसऱ्या वाचनात, म्हणजे तत्त्वाला मंजुरी द्यायच्या मतदानात, कॉमन्समध्ये ते 462 विरुद्ध 124 अशा घसघशीत फरकाने पारही झालं. तरी सरकारपक्षातल्याच 91 जणांनी बंड केलं आणि ऑगस्टपर्यंत ते गुंडाळलं गेलं. त्यांचा आक्षेप मला पटतो. आज लॉर्ड्स एका मर्यादेपलीकडे ताणत नाहीत, कारण आपल्याला कोणी निवडलेलं नाही हे त्यांना ठाऊक आहे. उद्या ते मतं घेऊन आले की म्हणणार, तुमच्याइतकाच आमचाही हक्क. घरात दोन कारभारी झाले की काय होतं, ते एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना विचार.

तेव्हा लॉर्ड्सबद्दल माझं मत असं: निवडणूक नको, पण यादी पंतप्रधानांच्या हातून काढा. आज कितीही माणसं नेमता येतात, वरची मर्यादाच नाही, आणि आकडा आठशेच्या घरात जाऊन बसतो. संख्या बांधून द्यावी, तहहयातऐवजी एकच लांब मुदत द्यावी आणि नावं ठरवणारं मंडळ सरकारपासून वेगळं करावं. कॅनडाने 2016 पासून सेनेटसाठी असं सल्लागार मंडळ नेमलंय. तिथलं शेवटचं बोटही पंतप्रधानांचंच असतं, पण निदान यादी बाहेरून येते.

आता आपल्याकडे येऊ. आपली विधान परिषद लॉर्ड्ससारखी "न निवडलेली" नाही, हा पहिला घोळ दूर कर. 78 पैकी 66 जण कोणत्या ना कोणत्या मतदानाने येतात. आमदार 30 निवडतात, महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांचे सदस्य 22, पदवीधर 7, शिक्षक 7. राज्यपाल नेमतात ते फक्त 12. कागदावर पाहिलं तर लोकशाहीचा उत्तम मिसळलेला काढा. पण मी तो काढा उकळताना पाहिलाय.

पदवीधर मतदारसंघाची मतदारयादी दर वेळी कोऱ्या कागदापासून तयार होते. मागच्या खेपेला नाव होतं म्हणून या खेपेला असेलच असं नाही. अर्हता तारीख 1 नोव्हेंबर. त्या तारखेच्या निदान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी आणि मतदारसंघात राहणारा हवा. असा माणूस नमुना 18 भरतो, सोबत पदवीच्या प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडतो. शिक्षकांसाठी नमुना 19. आता मला सांग, एखादा सरळमार्गी पदवीधर, बँकेत नोकरी, दोन मुलं, तो सहा वर्षांनी एकदा जुनी गुणपत्रिका शोधून, झेरॉक्स काढून, साक्षांकन करून आमच्या खिडकीशी येईल का? आले असे लोक, पण मोजके. त्यांतले निम्मे निवृत्त प्राध्यापक. ते अर्ज द्यायला येत आणि जाताना आमच्या सूचनाफलकावरच्या शुद्धलेखनाच्या चुका सांगून जात.

बाकीचे अर्ज आणले जात. एकगठ्ठा अर्ज स्वीकारायचे नाहीत असा आयोगाचा स्पष्ट नियम. त्यावर तोडगाही तितकाच स्पष्ट. गठ्ठा बाहेर जीपमध्ये राहायचा आणि पोरं रांगेत उभी राहून पाच-पाच अर्ज "घरच्यांचे आहेत साहेब" म्हणत पुढे करायची. एका दुपारी मी एकाच घरातले अकरा पदवीधर पाहिले, सगळ्यांचं अक्षर एक, शाई एक आणि आडनावं चार. परत पाठवले. संध्याकाळी तेच अर्ज वेगवेगळ्या अक्षरांत परत आले. त्या पोरांवर माझा राग नव्हता, चहा-वडापाववर राबत होती बिचारी. पण त्या खिडकीत मला जे उमगलं ते असं: इथे मतदार उमेदवार निवडत नाही, उमेदवार आपले मतदार गोळा करतो. ज्याची संस्था मोठी, शाळा-कॉलेजांचं जाळं मोठं, कारखान्यावर माणसं जास्त, त्याची यादी मोठी. मतदानाच्या दिवशी फक्त त्या मेहनतीची पावती मिळते.

पुणे पदवीधर मतदारसंघ म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे. विधानसभेचे 58 मतदारसंघ त्यात बसतात. एवढ्या मुलखातून एक आमदार. 2020 मध्ये साठावर उमेदवार उभे होते आणि मतपत्रिका उघडली की वर्तमानपत्राचं पान उघडल्यासारखी. इथे यंत्र नाही. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेनानेच लिहायचं, नावापुढे 1 आणि मग हवं तर 2, 3 असे पसंतीक्रम. आकडेच लिहायचे, "एक" असं अक्षरात नाही. टिक नाही, फुली नाही, सही तर अजिबात नाही.

मोजणी बालेवाडीच्या क्रीडा संकुलात. करोनाचा काळ, तोंडाला मास्क, हातमोजे घातलेले. आधी सगळ्या पेट्यांतल्या मतपत्रिका एकत्र करायच्या, 25-25 चे गठ्ठे बांधायचे, मग उमेदवारांच्या कप्प्यांत टाकायच्या. माझ्या टेबलावर एक मतपत्रिका आली. पहिल्या उमेदवारापुढे सुबक 1, दुसऱ्यापुढेही 1, तिसऱ्यापुढेही 1, आणि खाली टाचणीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, "तिघेही सारखेच." बाद. दुसऱ्या एकीवर निळ्या बॉलपेनने 1, म्हणजे खिशातलं स्वतःचं पेन वापरलेलं. बाद. एकावर "जुनी पेन्शन लागू करा". बाद. एकाने तर नावापुढे 1 लिहून खाली झोकात सही केली होती, शेवटी रेघ ओढून दोन टिंबं दिलेली. बाद करताना त्या उमेदवाराचा प्रतिनिधी माझ्याकडे असा बघत होता जणू मीच त्याची पदवी काढून घेतली. रात्री दोन वाजता शेजारच्या टेबलावरचा एक ग्रामसेवक मला म्हणाला, "साहेब, आमच्या गावातली अंगठेबहाद्दर म्हातारी बरी, तिचं मत कधी बाद होत नाही."

कोटा म्हणजे वैध मतांच्या निम्मे अधिक एक. पहिल्या पसंतीत तो कोणी गाठला नाही तर सर्वात कमी मतांचा उमेदवार बाद करायचा, त्याच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती पाहून त्या वाटायच्या, पुन्हा खालचा बाद, पुन्हा वाटप. साठ उमेदवारांत हे करत बसलं की एक पूर्ण रात्र जाते आणि दुसऱ्या दिवसाचा सूर्यही खिडकीतून वर येतो. पद्धत म्हणून सांगशील तर फार उत्तम. निम्म्याहून जास्त लोकांची कुठे ना कुठे संमती असलेला माणूस निवडून यावा, हा तिचा हेतू. माझ्या मते आपल्या देशातली ही सर्वात सभ्य मतदानपद्धत आहे आणि ती आपण सर्वात वाईट यादीवर चालवतो.

एवढं बोलल्यावर पुण्यातला कोणीही म्हणेल, अहो, पण ग. प्र. प्रधान सर याच मतदारसंघातून आले होते. बरोबर आहे. फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवणारे प्रधान सर 1966 पासून 18 वर्षं पुणे पदवीधरांचे आमदार होते. परिषदेत विरोधी पक्षनेतेही झाले. तेव्हा पदवीधर थोडे होते, एकमेकांना नावाने ओळखणारे होते आणि सायकलवरून प्रचार होत असे. आज पदवीधर लाखांनी आहेत, त्यातला नोंदलेला भाग छोटा, आणि पाच जिल्ह्यांत नोंदणीचं यंत्र चालवायला पैसा लागतो. प्रधान सर आज उभे राहिले तर त्यांचे नमुना 18 कोण भरून आणणार? आणि मूळ कल्पनेतच एक खोट आहे. पदवी असलेल्याला दोन मतं आणि नसलेल्याला एक, हे 1950 मध्ये कदाचित समजण्यासारखं होतं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दहावी झालेले आहेत. टँकरच्या पाण्यापासून मालमत्ता कराच्या अपिलापर्यंत सगळं तेच बघतात. त्यांना नमुना 18 भरता येत नाही. मला येतो, आणि मला आमच्या इमारतीची पाण्याची टाकी किती लिटरची आहे हेही माहीत नाही.

स्थानिक संस्थांच्या 22 जागांवर मी फार शब्द घालवत नाही. तिथे मतदार काही शे असतात, त्यांची नावं, फोन, घरं सगळ्यांना पाठ. मतदानाआधी त्यांना "सहलीला" नेतात हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं. उलटा प्रकार असा की 2022 च्या मार्चमध्ये पुणे महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. राज्यभर हेच झालं. नगरसेवकच नव्हते, तर मतदार कुठले? आयोगाच्या निकषाप्रमाणे त्या मतदारसंघातल्या निदान 75 टक्के संस्था आणि 75 टक्के मतदार जागेवर असल्याशिवाय निवडणूक लागत नाही. म्हणून एकेक करत या जागा रिकाम्या होत गेल्या. कर्नाटकात याच मतदारसंघांत ग्रामपंचायत सदस्यांनाही मत आहे, आपल्याकडे नाही. ते दिलं तर मतदार काही शेंचे काही हजार होतील आणि एवढ्यांना सहलीला न्यायला बसगाड्या पुरणार नाहीत.

आमदारांनी निवडायच्या 30 जागा म्हणजे पक्षश्रेष्ठींची यादी. तरी तिथेही गंमत असते. राज्यसभेला 2003 पासून खुलं मतदान आहे, आमदार आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवतो. विधान परिषदेला अजून गुप्त. 20 जून 2022 ला 10 जागांसाठी 11 उमेदवार होते, मतं फुटली, आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेकडे निघाले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मंत्रालयात तेव्हा एक विनोद फिरत होता की परिषदेने शेवटी काहीतरी निर्णायक केलं.

मुख्यमंत्र्यांसाठी हे मागचं दारही आहे. पृथ्वीराज चव्हाण परिषदेतून आमदार झाले. उद्धव ठाकरे 28 नोव्हेंबर 2019 ला मुख्यमंत्री झाले, सहा महिन्यांत आमदार व्हायला हवं होतं, मध्ये करोना आला, आणि मे 2020 मध्ये परिषदेची निवडणूक लावून ते बिनविरोध आले. याला मी फार दोष देत नाही. दार आहे तर माणूस त्यातून येणारच. पण परिषद ही कुणाच्या तरी सोयीची जागा आहे, हा समज अशाने घट्ट होतो.

आणि राज्यपालांचे 12. साहित्य, शास्त्र, कला, सहकार आणि समाजसेवा यांतले जाणकार, असं अनुच्छेद 171 म्हणतं. राज्यसभेच्या यादीत "सहकार" नाही, परिषदेच्या यादीत आहे. साखरपट्ट्यातल्या माणसाला हा फरक सांगितला की तो खूश होतो. ग. दि. माडगूळकर परिषदेत बसले, ना. धों. महानोर 1978 मध्ये राज्यपालनियुक्त म्हणून गेले आणि तिथे पाण्यावर, फळबागांवर, कोरडवाहू शेतीवर बोलले. त्याही आधीचं उदाहरण तर डॉ. आंबेडकरांचं. 1927 पासून ते मुंबई कायदेमंडळात बसले ते नेमणुकीने, कारण ज्यांच्यासाठी ते बोलत होते त्यांच्यातल्या बहुतेकांना मतच नव्हतं. म्हणून "नेमलेला म्हणजे लोकशाहीविरोधी" असं सरसकट म्हणणाऱ्याला मी थांबवतो. अलीकडे मात्र या 12 जागांचं काय झालं? 2020 च्या मध्यावर त्या रिकाम्या झाल्या. नोव्हेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाने नावं पाठवली, राज्यपालांनी निर्णयच घेतला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये सात जणांनी शपथ घेतली. चार वर्षांहून जास्त काळ एकाही कवीवाचून, शास्त्रज्ञावाचून, सहकारातल्या जाणकारावाचून परिषदेचं अडलं नाही. सभापतीची खुर्चीही जुलै 2022 पासून डिसेंबर 2024 पर्यंत रिकामी होती, उपसभापतींनी सभागृह चालवलं. माझ्या कार्यालयात शिपायाची जागा इतकी वर्षं रिकामी राहिली असती तर लेखापरीक्षकाने ती रद्दच करायला सांगितली असती.

मग बरखास्तच का करू नये? खरं सांगतो, 2014 पर्यंत माझं मत तेच होतं. केरळमध्ये परिषद कधी नव्हतीच. पश्चिम बंगालने आणि पंजाबने 1969 मध्ये काढली, तमिळनाडूने 1986 मध्ये. तिथे आभाळ कोसळलं नाही. काढणं सोपंही आहे. अनुच्छेद 169 प्रमाणे विधानसभेने एकूण सदस्यांच्या बहुमताने आणि हजर असलेल्यांच्या दोन तृतीयांशांनी ठराव करायचा आणि संसदेने साधा कायदा करायचा. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितलंच होतं की दुसऱ्या सभागृहाचा आपल्याला फार ओढा नाही, हा प्रयोग आहे, म्हणून त्यातून सुटायची वाट सोपी ठेवली आहे.

माझं मत आंध्रकडे बघून डळमळलं. तिथे 1985 मध्ये परिषद काढली, 2007 मध्ये परत आणली. जानेवारी 2020 मध्ये राज्याला एकाऐवजी तीन राजधान्या करायची विधेयकं परिषदेने तपासणीसाठी प्रवर समितीकडे पाठवायचं ठरवलं आणि पाच दिवसांत विधानसभेने परिषदच बरखास्त करायचा ठराव केला. पुढच्या वर्षी, परिषदेत सत्ताधाऱ्यांची संख्या वाढल्यावर, तो ठराव मागे घेतला. म्हणजे परिषदेने मान डोलावली तर ती शहाणी आणि थांब म्हटलं तर ती खर्चिक. एखादा कारकून फाइलवर प्रतिकूल टिपण लिहितो म्हणून त्याची जागाच रद्द करायला निघालेले साहेब मी पाहिलेत. त्यांच्या इतर फायलीही एकदा बघाव्यात, असंच तेव्हा वाटायचं.

आपली परिषद तर थांब म्हणतच नाही. साधं विधेयक ती पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवल्यावर एक महिना रोखू शकते. पैशाचं विधेयक फक्त 14 दिवस. संयुक्त बैठक नाही, शेवटी विधानसभेचंच चालतं. हे चार महिने मला पुष्कळ वाटतात. तेवढ्या वेळात वर्तमानपत्रं वाचतात, वकील बोलतात, जिल्ह्यातून निवेदनं येतात. पण वापरतो कोण? 2025 च्या जुलैमध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक 10 तारखेला विधानसभेत मंजूर झालं आणि 11 तारखेला परिषदेत. विधेयक चांगलं की वाईट हा वाद बाजूला ठेव. हातात तीन महिने असताना एक दिवस वापरणारं सभागृह दुसरं मत कधी देणार?

आणि तरी मी ते ठेवा म्हणतो, त्याला एक कारण आहे. तुझ्या आईच्या पगारपत्रकात दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत 300. तो कर 1975 मध्ये रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला बसवला. ती योजना ज्यांच्या डोक्यातून आली ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, 1960 पासून 18 वर्षं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी 1965 मध्ये ती आधी छोट्या प्रमाणात करून पाहिली, 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, हे देशाला आपण शिकवलं. मंत्रिपदामागे न धावणारा माणूस अठरा वर्षं एका खुर्चीवर बसून एकच कल्पना घासत राहिला, त्याला अशी जागा लागली. विधानसभेत पाच वर्षांनी मतदारसंघ गळ्याशी येतो, तिथे हे होणं अवघड. पाग्यांसारखी माणसं रोज येत नाहीत हे मला कळतं, पण जागा रद्द केली तर ती येण्याची शक्यताही रद्द होते.

तेव्हा आपल्या परिषदेपुरतं माझं उत्तर: ठेवा, पण यादी बदला. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, हे वादविवादात जरूर सांग, कारण बहुतेक वक्त्यांना ते माहीत नसतं. अनुच्छेद 171 च्या दुसऱ्या खंडातच म्हटलंय की परिषदेची रचना संसदेने कायद्याने वेगळी ठरवेपर्यंत अशी असेल. म्हणजे साध्या कायद्याने ती बदलता येते. पदवीधर आणि शिक्षकांच्या 14 जागा विभागातल्या सर्व मतदारांना खुल्या कराव्यात. यादी विधानसभेचीच वापरावी, त्यामुळे खिडकीतला सगळा खेळ संपेल, आणि पसंतीक्रमाची पद्धत तशीच ठेवावी, जांभळ्या पेनासकट. खर्च वाढेल, मान्य. पाच जिल्ह्यांत प्रचार करायला पैसेवालाच लागेल, हेही मान्य. याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. पण आजही पैसेवालाच लागतो, फक्त पैसा नोंदणीत जातो.

स्थानिक संस्थांच्या जागांत ग्रामपंचायती घ्याव्यात. राज्यपालांच्या नेमणुकांना 60 दिवसांची मुदत असावी, आणि गेल्या पाच वर्षांत निवडणूक लढवलेल्या माणसाला तिथे बंदी असावी. पडलेल्या उमेदवारांचं पुनर्वसन हे ढेबेवाडी किंवा कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनापेक्षा लवकर होतं, हे पाहून महसूल खात्यातल्या माणसाला वाईट वाटतंच. आमदारांच्या 30 जागांना मी हात लावणार नाही. पक्षांनाही काहीतरी ठेवायला हवं, नाहीतर हा कायदा कधीच होणार नाही.

थेट सगळ्याच जागा लोकांमधून निवडाव्यात, असं तुझ्या प्रतिस्पर्ध्याने म्हटलं तर लॉर्ड्सबद्दलचा आक्षेप आपल्याला तितकासा लागू होत नाही हे लक्षात घे. तिथे दुसरा कारभारी होण्याची भीती आहे. आपल्याकडे चार महिन्यांनंतर विधानसभा जिंकतेच. आपली अडचण वेगळी आहे, दोन्ही सभागृहांत तेच पक्ष, तेच श्रेष्ठी, तोच व्हिप. आयर्लंडच्या लोकांना 2013 मध्ये त्यांचं सिनेट काढायचं का, असं विचारलं होतं. 51.7 टक्के लोक नाही म्हणाले. तिथेही 60 पैकी सहा जागा विद्यापीठांच्या पदवीधरांच्या होत्या, आणि तिथेही त्यांच्यावर आपल्यासारखीच टीका होत होती. काढू नका म्हणणाऱ्यांतले बरेच जण सिनेटवर खूश नव्हते, सुधारा म्हणत होते. मला त्यांच्यासोबत मोज.

एक गंमत राहिली. आपल्या परिषदेची 1935 च्या भारत सरकार कायद्यानंतरची पहिली बैठक 20 जुलै 1937 ला झाली ती मुंबईत नाही, इथे पुण्यात, कौन्सिल हॉलमध्ये. विभागीय आयुक्तांचं कार्यालय त्याच आवारात आहे, आणि पदवीधरांची यादी तिथेच तयार होते. वादविवादाआधी एकदा जाऊन ये, बाहेरून का होईना.

तू म्हणालीस, मला मत आहे का तिथे. 2020 च्या डिसेंबरात निवडून आलेल्यांची मुदत 2026 च्या डिसेंबरात संपते. तू बी.ए. करून मग विधीला गेलीस, म्हणजे पदवी हातात आहे, फक्त अर्हता तारखेला तिला तीन वर्षं झालेली हवीत. गुणपत्रिकेवरची तारीख बघ. बसत असशील तर नमुना 18 स्वतः भर, कोणी "आम्ही देतो भरून" म्हणत दारात आलं तरी देऊ नकोस. साक्षांकनासाठी माझ्याकडे येऊ नकोस, निवृत्त माणसाची सही चालत नाही.